दोष माझ्या तारांत नव्हता

मी एक बास गिटार बोलतेय. चार जाड तारांची, खर्जात बोलणारी. गाण्यात माझ्याकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. पण मी थांबले की गाणं एकदम पोकळ वाटतं.

छापखान्यात यंत्र चालवणाऱ्या एका माणसाने मला जुन्या वाद्यांच्या दुकानातून निवडलं. शेजारी चकचकीत लाल गिटार होती. तीही त्याने वाजवून पाहिली आणि म्हणाला, "दिसायला झकास, पण हिचा सूर लगेच विझतो. ही बघा, किती वेळ घुमतेय!" मी हरखून गेले.

त्याचा थोरला भाऊ गायचा. आईवडील लवकर गेले, तेव्हा त्यानेच धाकट्याला लहानाचं मोठं केलं होतं. दोघं मिळून समारंभांत कार्यक्रम करायचे. दादाने श्वास घेतला की माझ्या मालकाचं बोट तारेवर पडायचं. एकमेकांकडे बघावंही लागायचं नाही.

काही वर्षांनी मालक कुरकुरू लागला, "हिच्या आवाजाची धार गेली." त्याने नव्या तारा चढवल्या. चार दिवस खूश, पुन्हा तेच. मग तारांची थरथर टिपणारे पिकअप बदलले. तारा टेकतात तो ब्रिजही बदलला. मी पहिल्यापेक्षा स्वच्छ बोलत होते. त्याला मात्र मी पुटपुटतेय असंच वाटे. मग तो आवाजाची धार वाढवायचं बटण शेवटपर्यंत पिळायचा.

एका तालमीत दादा वैतागला. "अरे, कानात सुया टोचतायत! किती वेळा सांगू?"

"काय?"

"प्रत्येक गोष्टीला काय? माझं ऐकायचंच नसेल तर येऊ नकोस उद्यापासून!"

हे ओरडणं मात्र त्याला ऐकू आलं. मला उचलून तो निघाला. दोघांचं बोलणं बंद झालं.

तीन महिन्यांनी एका दुपारी दाराची घंटा किणकिणली. मालक पाठमोरा बसून माझे स्क्रू घट्ट करत होता. पुन्हा घंटा. मग दादाचा आवाज, "दार उघड रे. चुकलं माझं." माझ्या तारा शहारल्या, पण कुणी छेडल्याशिवाय मला बोलता येत नाही. मालक स्क्रू पिळतच राहिला. पावलं जिना उतरून गेली.

पुढे दुरुस्तीवाल्यानेच ओळखलं. मागून तीनदा हाक मारूनही मालक वळला नाही, तेव्हा समोर येऊन तो म्हणाला, "भाऊ, गिटार ठणठणीत आहे. कान दाखवून या."

यंत्रांच्या खडखडाटाने कान केव्हाच अधू झाले होते. श्रवणयंत्र आलं. "आता दादाकडे जातो, सगळं सांगतो," मालक म्हणाला. पण त्याच आठवड्यात दादा हृदयविकाराने गेला.

नंतर वहिनी घरी आल्या. "ते आले होते हो भावजी. खिडकीतून तुमची पाठ दिसली त्यांना. 'आत होता, पण उठला नाही' म्हणाले. त्यानंतर गायलेच नाहीत."



त्या संध्याकाळी त्याने मला एकदाच छेडलं. सूर स्वच्छ घुमला, त्यालाही नीट ऐकू आला. "तुझं काहीच चुकलं नव्हतं गं," असं म्हणत त्याने एकेक करून माझ्या चारही तारा उतरवल्या. तेव्हापासून मी कपाटावर मुकी पडून आहे.

एवढंच मागते. तुमच्या घरात कुणी सारखं "काय?" विचारत असेल, तर रागावण्याआधी त्याच्या समोर जाऊन बोला. आणि तो पाठमोरा दिसला, तर परत फिरू नका. आत जा, त्याच्या पाठीवर हात ठेवा.