मल्ली माझ्या पोटात होती

मित्रांनो, काचीगुड्याच्या एका छोट्या प्रयोगशाळेत कोपऱ्यात घरघर करणारा जुना फ्रीझर तो मीच. घरघरीवरून लोक मला नावे ठेवतात, ठेवोत बापडे. माझ्या पोटात गाईंच्या रक्ताच्या हजारो नळ्या आहेत.

माझे खरे सुखाचे दिवस शशिकांतरावांचे. ते गोठ्यागोठ्यांतून रक्ताचे नमुने आणत. गाईची आणि तिच्या वासराची नळी शेजारीशेजारी ठेवत आणि चिठ्ठीवर मराठीत नाव लिहीत. "आईपासून लेकराला तोडायचं नाही," असे मलाच बजावत. वीज गेली की माझ्यावर जाड रजई घालत. ते निवृत्त झाले आणि माझी विचारपूस संपली. त्यांची फार आठवण येते.

परवा प्रयोगशाळेचे नवे प्रमुख अभिजीत सर म्हणाले, "या जुन्या चिठ्ठ्या कुणाला वाचता येतात? सोमवारी सगळं फेकून द्या." माझ्या काळजाचे पाणी झाले.

दुसऱ्याच दिवशी गोठ्याचे मालक हिम्मतराव नुकत्याच दगावलेल्या वासराचे रक्त घेऊन आले. मल्ली गाईची तीन वासरे जन्मून आठवड्यातच दगावली होती, शेवटच्या वेतात, वासराला जन्म देताना, मल्लीही गेली होती. गोठ्यात राबणारी सत्यवती सोबत होती. हिम्मतराव तिच्यावर खेकसले, "तूच चीक वेळेवर पाजला नाहीस. उद्यापासून येऊ नको."

"नक्को जी, असं नक्को बोलू. मी रोज पाजली," सत्यवती रडत म्हणाली.

इथे तपासण्या करणाऱ्या केतकीने ते रक्त तपासले. त्यात एक अगदी विरळ जनुकीय दोष दिसला. "मशीनची चूकही असेल," ती म्हणाली. "आईत तोच सापडला तर खरा. पण आई तर गेली."

केतकी इथल्याच, तेलुगू मुलखातल्या चिक्कडपल्लीची. मराठी फाडफाड बोलते, वाचते मात्र अडखळत. तरी तिने माझे दार उघडले आणि अक्षर अक्षर लावून एकेक चिठ्ठी वाचू लागली. दुपार सरता सरता ती ओरडली, "म... ल्ली. मल्ली!"

मल्ली कालवड असतानाची ती नळी होती. तोच दोष तिच्यात होता आणि शेजारच्या नळीत, तिच्या आईतही. मग हिम्मतरावांच्या गोठ्यातल्या वळूचे रक्त मागवले, त्यातही तो निघाला. एकाकडून आला तर जनावर ठणठणीत राहते. दोघांकडून आला की वासरू जगत नाही. चीक कितीही पाजला तरी.

निकाल ऐकायला दोघे आले, तेव्हा हिम्मतराव खाली मान घालून म्हणाले, "सत्यवती, माझं चुकलं. कामावर ये."

तिने त्यांच्याकडे पाहिलेच नाही. माझ्या दारावर हात ठेवून तिने केतकीला विचारले, "मल्ली ह्याच्यात हाय? थंडी तर नाही ना वाजत तिला?"

मित्रांनो, जुने काही फेकण्याआधी आत कोण आहे ते एकदा वाचून पाहा. अडखळत का होईना, पण वाचा.