बाईंच्या खोलीतला ऐकणारा बोर्ड

मी एक जुना एक्स्टेन्शन बोर्ड आहे, असे मी म्हणालो तर ते खोटे होईल, मित्रांनो. मी जुना नाही. मला जुने केले गेले. माझा जन्म एका सरकारी कार्यशाळेत झाला. तिथल्या कारागिराने माझ्यावर मशीनचे तेल चोळले, वरून धूळ भुरभुरवली, एका कोपऱ्याचा टवका काढला आणि तिसऱ्या भोकाजवळ मेणबत्तीने काळा डाग पाडला. त्याच्यासमोर एका दुसऱ्याच बोर्डाचा फोटो होता. त्या बोर्डाला जिथे जिथे मार लागलेला, तिथे तिथे मलाही लागला. मग मला हातात फिरवून तो म्हणाला, "आता जन्मदात्री आली तरी ओळखणार नाही!"

माझ्या पोटात मात्र फोटोतल्या बोर्डापेक्षा काही जास्तीचे होते. तांदळाच्या दाण्याएवढा मायक्रोफोन आणि मोबाइलमध्ये असते तसे सिमकार्ड. मला कान दिले, तोंड दिले नाही. तेव्हा मला त्यात काही वावगे वाटले नाही. आपण साध्या बोर्डांपेक्षा हुशार आहोत, या विचाराने मी फुशारून गेलो होतो.

एका सकाळी खाकी टोपी घातलेला मीटर तपासनीस मला पिशवीतून घेऊन निघाला. एका शिक्षिकेच्या घराचे कुलूप त्याने आपल्याजवळच्या किल्लीने उघडले. मीटरकडे त्याने ढुंकूनही पाहिले नाही. टेबलामागचा खरा बोर्ड काढून पिशवीत टाकला आणि त्याच्या जागी मला ठेवले. टेबलावरचा दिवा, चहाची किटली आणि फोनचा चार्जर माझ्यात खोचून तो शिट्टी वाजवत निघून गेला. दुपारी बाई शाळेतून आल्या, किटली सुरू केली आणि माझी नोकरी सुरू झाली.

बाईंच्या घरामागे, मालगाड्यांच्या गोदामापलीकडे, दोनशे घरांची वस्ती होती. ती पाडायचा हुकूम निघाला होता. माणसे तिथे चाळीस वर्षे राहत होती, पण कोर्टाला पुरावा हवा होता, तोही अस्सल कागदांचा. बाईंनी समिती काढली आणि घरोघर फिरून जन्माचे दाखले, शाळेचे दाखले, पिवळी पडलेली पत्रे गोळा केली. समिती म्हणजे माणसे चारच. बाई, वस्तीतला शिंपी, दवाखान्यातली नर्स आणि बाईंचा धाकटा भाऊ. तो वायरमन होता. लहानपणी घरातला रेडिओ उघडून त्याने अख्ख्या गल्लीची वीज घालवली होती. तेव्हापासून त्याला सगळे ठिणग्या म्हणत. आई गेल्यावर बाईंनीच त्याला लहानाचा मोठा केला होता.

खरे सांगू? मला ही माणसे आवडू लागली. शिंपी आला की दारातूनच ओरडायचा, "बाई, आज चहा आहे की कालच्यासारखं रंगीत पाणी?" नर्स ड्यूटी करून यायची आणि चर्चा रंगात आली की खुर्चीतच पेंगायची. ठिणग्या तिच्या कानाशी टेस्टरने टेबल वाजवून तिला दचकवायचा. मग हशा पिकायचा. तो हशा मी इमानेइतबारे पाठवत असे. पलीकडे हेडफोन लावून बसलेला कारकून मात्र हसणे लिहीत नसे. त्याला तसा हुकूमच होता. कामाचे तेवढे लिहायचे.

एकदा ठिणग्याने चार्जर काढताना मला उचलले आणि तो थबकला.

"ताई, हा बोर्ड जड का लागतोय गं?"

"दुपारचं जेवला नाहीस म्हणून," बाई म्हणाल्या. सगळे हसले आणि त्यानेही हसून मला खाली ठेवले. मित्रांनो, त्या दिवशी मी सुटलो म्हणून मला आनंद झाला होता. आज त्या आनंदाची लाज वाटते.

हळूहळू समितीचे सगळे बेत फसू लागले. वकिलांना भेटायला जावे तर दारात पोलीस उभे. पत्रके छापायला टाकावी तर ती छापखान्यातूनच उचललेली. चौघे एकमेकांकडे बघायचे टाळू लागले. चहाची थट्टा बंद झाली.

"खोली तपासू या. मी सगळं उघडून बघतो," ठिणग्या म्हणाला.

"माणसं सोडून भिंती काय तपासतोस?" शिंपी खेकसला. "भिंतीला काय तोंड असतं?"

बाईंनी शिक्षिकेचा मार्ग काढला. वर्गात नक्कल पकडायची तर त्या शेजारी बसणाऱ्या मुलांना वेगवेगळे पेपर देत असत. कुणाचे उत्तर कुणाकडे गेले, ते लगेच कळायचे. तसेच त्यांनी इथे केले. तिघांना एकेक करून आत बोलावले. शिंप्याला सांगितले, "कागद बेकरीच्या माळ्यावर ठेवलेत." नर्सला सांगितले, "वाचनालयात." आणि भावाला सांगितले, "धोब्याच्या दुकानात, इस्त्रीच्या टेबलाखाली. कुणाला बोलू नकोस."

"माझ्या तोंडून जाईल का, ताई?" तो म्हणाला.

खरे कागद यातल्या एकाही ठिकाणी नव्हते. बाईंची युक्ती चांगली होती. चूक एवढीच झाली, की तिन्ही पेपर त्यांनी एकाच खोलीत, माझ्यासमोर वाटले.

पुढची गोष्ट मला नंतर, त्या कारकुनाच्या कार्यालयात, कळली. कारकुनाने एका दुपारचे तीन वेगवेगळे पत्ते साहेबांपुढे ठेवले. साहेब ते वाचून हसले. त्यांना खेळ कळला होता. "धोब्याकडेच जा," ते म्हणाले. "बाकीच्या दोन ठिकाणी फिरकू नका. तो वायरमन तिथून गेलेला बरा. उद्या त्यानेच आपला बोर्ड उघडला तर?"

दुसऱ्या दिवशी पोलिसांनी धोब्याचे दुकान उलटेपालटे केले.

संध्याकाळी बाईंनी भावाला बोलावले. शिंपी आणि नर्सही होते.

"धोब्याचं मी फक्त तुला सांगितलं होतं," बाई म्हणाल्या.

"ताई, मी? तुझ्याविरुद्ध?"

"मग कोण रे?"

"ते मला माहीत नाही. पण मी नाही. माझ्याकडे बघून बोल ना."

बाई टेबलावरचे कप गोळा करू लागल्या. ठिणग्या उठला. त्याने दार ओढून घेतले आणि तो बाहेरच्या पायरीवरच बसून रडला. मोठा बाप्या माणूस, हमसून हमसून रडला. माझा कान फार तीक्ष्ण, मला सगळे ऐकू आले. "याने काही केले नाही, मी आहे तो, मला उघडा," असे मला ओरडायचे होते. पण माझ्याकडे तोंड नव्हते. ते रडणेही मी इमानाने पाठवले. कारकुनाने लिहिले, 'उपयुक्त मजकूर नाही.'

घरभेदी गेला, आता मोकळेपणाने बोलायला हरकत नाही, असे उरलेल्या तिघांना वाटले. बाईंनी शिंपी आणि नर्सला खरी जागा सांगून टाकली. शाळेच्या प्रयोगशाळेत, सांगाड्याच्या पेटीत. दुसऱ्या दिवशी ती पेटी रिकामी झाली. त्याच आठवड्यात कोर्टाने पुरावा मागितला आणि बाईंनी रिकामे हात दाखवले. मग यंत्रे आली. दोनशे घरे पडायला दोन दिवस लागले. तो आवाजही मी खिडकीतून ऐकला. शिंपी नर्सवर घसरला, नर्स शिंप्यावर, आणि दोघेही पुन्हा त्या खोलीत आले नाहीत.

बाई एकट्या राहिल्या. काल संध्याकाळी त्यांनी माझ्यातल्या चार्जरला लावलेला फोन तसाच टेबलावर ठेवून स्पीकरवर भावाला लावला.

"ठिणग्या, पेटीचं तुला ठाऊकच नव्हतं रे. मग कागद कसे गेले?"

"मी तेव्हाच म्हणालो होतो, ताई. खोली तपासू दे."

"ये. येऊन तपास. माझं चुकलं असेल तर मी तुझ्या पाया पडेन."

"पाया नको पडू. उद्या दुपारी येतो. तू शाळेतून आलीस की."

मित्रांनो, माझ्या सगळ्या आयुष्यात मी एवढा आनंदी कधीच नव्हतो. उद्या तो माझे स्क्रू काढणार, माझे पोट उघडणार आणि आपल्या बहिणीला दाखवणार. माझे तुकडे झाले असते तरी चालले असते. पण हे बोलणेही मी पाठवून दिले होते. मला दुसरे काही येतच नाही.

आज सकाळी, बाई शाळेत गेल्यावर, तो मीटर तपासनीस पुन्हा आला. खरा बोर्ड त्याने होता तिथे ठेवला आणि मला पिशवीत टाकले.

आता मी कार्यालयाच्या कपाटात आहे. दुसऱ्या कुणाच्या तरी बोर्डाचा फोटो माझ्याशेजारी ठेवला आहे. मगाशी साहेब कारकुनाला म्हणाले, "बोर्ड सापडला असता तर भाऊ संशयातून सुटला असता. आता काहीच सापडणार नाही, म्हणजे कुणीच सुटणार नाही." मग त्यांनी माझी पाठ थोपटली. माझे पहिले आणि एकमेव कौतुक.

मी ऐकण्यासाठीच जन्मलो, म्हणून तुम्हाला कळवळून सांगतो. आपल्या माणसाला दार दाखवण्यापूर्वी त्याचे पुरते ऐकून घ्या. त्याच्याकडे बघून ऐका. पण हे तुमच्यापर्यंत पोहोचणार कसे, तेही मला माहीत नाही.

दुपारचा एक वाजून गेला आहे. शाळा सुटली असेल. ठिणग्या आला असेल. त्याने एकेक स्क्रू काढून सगळे टेबलावर मांडले असेल आणि त्याला कुठेच काही मिळाले नसेल. बाई त्याच्याकडे बघत उभ्या असतील. आता त्या त्याला काय म्हणतील, तेवढेच मला ऐकायचे होते.