दुसरी पाहणी

रुसक्या आजींनी ताईच्या हातातला चमचा काढून घेतला आणि आपलं आपण सूप प्यायला सुरुवात केली. ताई रिकामा हात तसाच पुढे धरून बसली. या बाईंना चार घास भरवायचे म्हणजे रोज अर्धी सकाळ जायची. आजींनी तोंड फिरवायचं, वाटी ढकलायची, मग ताईने दुसऱ्याच कुणाची तरी चहाडी सुरू करायची आणि ऐकण्याच्या नादात आजींचं तोंड उघडलं की चमचा आत सारायचा. आज हा खेळ कुणीतरी बघायला हवा होता, तर आजी शहाण्या मुलीसारख्या वाटी निपटून काढत होत्या.

कोपऱ्यातल्या खुर्चीत विद्यापीठाच्या मॅडम बसल्या होत्या. मांडीवर पाहणीचा कागद होता आणि पेन नुसतंच बोटांत फिरत होतं.

विद्यापीठाने नवी सोय काढली होती. वर्षानुवर्षं काम करून जे अंगात मुरलंय त्याचे श्रेयांक द्यायचे आणि अभ्यासक्रमाचं पहिलं वर्ष माफ करायचं. लेकीने वाचलं आणि तिनेच ताईचा अर्ज भरला. वृद्धनिवासाच्या सुपरवायझरबाई निवृत्त व्हायच्या होत्या आणि त्या जागेला पदविका लागत होती. एका वर्षात होत असेल तर जागा धरून ठेवतो, दोन वर्षं काही थांबता येणार नाही, असं मॅनेजरने स्पष्ट सांगितलं होतं. ताईला खुर्चीची हौस नव्हती. माणसं उचलून उचलून तिची कंबर गेली होती, आणि सुपरवायझरला माणसं उचलावी लागत नाहीत, एवढंच तिला दिसत होतं. ही जागा हुकली तर आणखी किती दिवस काम रेटता येईल, याचा विचार ती हल्ली करायचंच टाळत असे.

ती उठली आणि पुढच्या खाटेकडे गेली. तिथे रोज बूट चढवून घरी निघणारे आजोबा असत. त्यांना फाटकातून परत फिरवावं लागे, तेही असं की आपल्याला अडवलंय हे त्यांना कळता कामा नये. आज ते अनवाणी बसून पेपर वाचत होते. आंघोळीला आरडाओरडा करणाऱ्या काकू ताई यायच्या आधीच न्हाऊनमाखून तयार होत्या. सगळा हॉल चिडीचूप होता.

"इथे रोज असंच असतं का?" मॅडमनी विचारलं.

ताईने वळून पाहिलं. सगळे तिच्याकडे बघत होते आणि सगळ्यांच्या चेहऱ्यावर कसलासा आनंद होता. खिडकीजवळच्या खुर्चीतून हेडसरांनी तिला हळूच मान हलवून दाखवली. तेव्हा तिच्या डोक्यात प्रकाश पडला.

"आज जरा शांत आहेत," ती म्हणाली.

मॅडम वाईट नव्हत्या. जाताना दारात थांबून त्यांनी तिला समजावलं की कठीण माणसाला कसं सांभाळता हे पाहायला त्या आल्या होत्या, आणि जे डोळ्यांना दिसलं तेवढंच त्यांना लिहिता येतं. दुसरी पाहणी मिळते, पण एकदाच. पुढच्या महिन्यात येते म्हणाल्या.

मॅडमची पाठ वळली आणि हॉलचा बांध फुटला. आजोबांनी बूट मागितले. रुसक्या आजींना सूप पचलं नाही. काकू विनाकारण रडायला लागल्या. सकाळभर दम धरून बसलेली ती म्हातारी माणसं एकाच वेळी थकली, आणि ताई एकीकडून दुसरीकडे धावत राहिली. जे मॅडमना दिसायला हवं होतं ते सगळं आता होत होतं आणि बघायला कुणी नव्हतं.

"किती मिळाले?" ती जवळून जाताना हेडसरांनी विचारलं.

हेडसरांचं खरं नाव कपाटावर लिहिलेलं होतं, पण ते कुणी वापरत नसे. आयुष्यभर त्यांनी शाळा चालवली होती. तपासणीचा साहेब यायचा म्हटलं की व्रात्य पोरांना घरी ठेवायचं, हुशारांना पुढच्या बाकावर बसवायचं आणि साहेबाला खूश करून पाठवायचं, ही त्यांची जुनी रीत. तीच त्यांनी इथे चालवली होती. आठवडाभर ते एकेका खाटेशी जाऊन सगळ्यांना पढवत होते.

ताईला राग आवरला नाही.

"सर, माझी परीक्षा तुमच्या त्रासाची होती. तुम्ही त्रासच दिला नाही, तर मी दाखवू काय?"

हेडसरांच्या शर्टाचं गळ्याचं बटण लावलेलंच होतं, ते त्यांनी पुन्हा चाचपून पाहिलं. तिला लगेच वाईट वाटलं, पण माफी मागायलाही तिच्यात त्राण नव्हतं.

घरी लेक म्हणाली, पुढच्या वेळी त्यांना रोजच्यासारखं वागायला सांग, झालं. ताई जमिनीवर पाठ टेकून पडली होती.

"सांगून का कुणी रुसतं?" ती म्हणाली.

तिचं खरं ठरलं. आपण ताईचं मुसळ केरात घातलं हे कळल्यापासून हॉलमध्ये सुतक पसरलं होतं. अपराधी वाटून रुसक्या आजी महिनाभर निमूट जेवत होत्या. एरवी ताईने या सुखाला दृष्ट लागू नये म्हणून कानशिलावर बोटं मोडली असती. आता तिला त्याचीच भीती वाटत होती.

मॅडम दुसऱ्यांदा आल्या आणि त्याच खुर्चीत बसल्या. रुसक्या आजींनी ठरवून वाटी ढकलली, आणि ढकलल्यावर मॅडमकडे वळून त्यांचं लक्ष आहे ना ते पाहिलं. मॅडमना हसू आलं. आजोबांना कुणीतरी बूट घालून दिले होते, पण ते दाराशी जाऊन आता काय करायचं म्हणून ताईकडेच बघत उभे राहिले. नाटक करणं हे येरागबाळ्याचं काम नव्हे. मॅडमनी पेनाला टोपण लावलं. ताई आजींची वाटी उचलून मुकाट्याने पुसू लागली. आता फक्त लवकर संपावं एवढंच तिला वाटत होतं.

"ताई, माझे कपडे ओले झालेत."

आवाज हेडसरांचा होता, शाळेच्या मैदानावर शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा. हॉलमधल्या सगळ्यांनी ऐकला.

इतक्या वर्षांत त्यांनी हे वाक्य कधी उच्चारलं नव्हतं. ते म्हणायचे, ताई, पेपर कालचाच दिलाय वाटतं. ती म्हणायची, चला, आतून आजचा आणू. यापलीकडे दोघांत या विषयावर चकार शब्द झाला नव्हता. रोज दाढी करणारा, झाडूवाल्यालाही अहोजाहो करणारा हा माणूस जिवंतपणी असं चारचौघांत बोलेल, हे तिला स्वप्नातही वाटलं नसतं.

मग तिचे हातपाय आपोआप हलले. चालता चालता तिने आजोबांना घरी जायच्या गाडीची वेळ विचारली, तशी त्यांनी मोठ्याने सांगायला सुरुवात केली आणि सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. ती हेडसर आणि हॉल यांच्यामध्ये उभी राहिली. त्यांच्या मांडीवर तिने पेपर उलगडून ठेवला. त्यांचा दंड धरला नाही. आपला हात पुढे केला आणि त्यांनी तो धरायची वाट पाहिली.

"कुणी हात लावायचा नाही," हेडसर करड्या आवाजात म्हणाले.

"नाही लावत. माझीच कंबर धरलीये सर, मलाच आधार हवाय. देता का जरा?"

त्यांनी हात धरला. ते उठले. दोघं हळूहळू चालू लागले, आणि पाहणाऱ्याला कळलं नसतं की कोण कुणाला नेतंय. मागे मॅडमचं पेन भराभर चालत होतं.

मॅडम न्हाणीघरापर्यंत मागोमाग आल्या आणि आपणहून बाहेर थांबल्या. "मी इथूनच ऐकते, दार लोटून घ्या," त्या हळूच म्हणाल्या.

ताईने दार लोटलं. हेडसरांना स्टुलावर बसवलं, नाडी सोडली आणि सवयीने पायजम्याला हात लावला. मग पुन्हा लावला. पायजमा कोरडा होता. सकाळच्या इस्त्रीची घडीसुद्धा मोडलेली नव्हती.

तिने वर पाहिलं. हेडसर समोरच्या फरशीकडे बघत होते. मान ताठ होती, पण हनुवटी थरथरत होती आणि मान खाली घालायला ते तयार नव्हते. बाहेर मॅडमचा कागद उलटल्याचा आवाज आला. आता काही विचारायची सोय नव्हती.

तिने नळ सोडला.

"पाणी कोमट आहे ना, सर?" ती दाराबाहेर ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणाली.

"आहे," हेडसर म्हणाले. "चालू द्या तुमचं."

तिने तो कोरडा पायजमा बादलीत टाकला आणि पुरता भिजेपर्यंत दोन्ही हातांनी पाण्याखाली दाबून धरला.