उर्केनचं डोकं दुखत नाही

उर्केन लुक्लाच्या विमानतळावरून एका दिवसात गावापर्यंत चढून आला, याचं सगळ्यात जास्त कौतुक त्याच्या बहिणीला, यांगजीला. गोरे पाहुणे जी वाट चार दिवस रेंगाळत चढतात, ती यानं पहाटे धरली आणि दिवेलागणीला चुलीपाशी हजर! तेही आठ वर्षं आखातात, दोह्यात एका मोठ्या दुकानाच्या दारावर पहारा केल्यावर. यांगजीनं शेजारीपाजारी सांगितलं, पाणवठ्यावर सांगितलं, बौद्ध मठाच्या पायऱ्यांवर ऊन खात बसलेल्या म्हाताऱ्यांनाही सोडलं नाही. "रक्त इथलंच आहे हो," ती म्हणायची, "ते काय विमानात बसून पातळ होतंय?"

ग्याल्झेनकाकांना मात्र हे काही रुचलं नाही. सहा पाहुण्यांना बर्फाच्या खिंडीपलीकडे न्यायचं होतं, पावणेसहा हजार मीटरवर, आणि त्या मोहिमेचे सरदार काकाच. कुणाला न्यायचं, कुणाला ठेवायचं, सगळं त्यांच्या हातात. यांगजीच्या लॉजच्या अंगणात दोर, तंबू, रॉकेलचे डबे, सातूच्या पिठाची पोती असा पसारा पडला होता. काका एकेक ओझं ताणकाट्याला लावून बघत होते.

"आठ वर्षं समुद्राकाठी राहिलास," ते उर्केनला म्हणाले. "छाती आता तिकडची झालीय तुझी. चार दिवस कशाला हात लावायचा नाही. आणि डोकं दुखलं, की त्याच पावली मला येऊन सांगायचं. काठमांडूहून असाच धावत आलेला माझा मेहुणा मी घालवलाय."

"सांगितलं तर?"

"तर खाली पाठवीन. तुझ्या जागी दुसरा नेईन."

हे 'दुसरा नेईन' यांगजीच्या काळजात घुसलं. ही खेप हुकली, की पोरगा पुन्हा दोह्याला जाणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. आई गेली तेव्हा उर्केन चार वर्षांचा. त्याला पाठीला बांधून तिनं बटाटे खणले होते, शेण गोळा केलं होतं. नवरा हिमकड्याखाली गेल्यावर तर तिला त्याच्याशिवाय कुणी उरलंच नाही. आता तो परत आलाय ना, मग राहू दे की इथंच! एवढंच तिचं मागणं.

दुसऱ्या दिवशी उर्केन बुटांना लावायचे लोखंडी दाते कानशीनं घासत बसला होता. मध्येच थांबला.

"ताई, डोकं ठणकतंय गं. कालपासून."

यांगजीनं आधी काका कुठे आहेत ते पाहिलं.

"हळू बोल! दुखायला काय झालं? पाहुण्यांची डोकी दुखतात. शेर्प्याचं दुखलेलं ऐकलंयस कधी? गावभर मिरवलंय मी तुला. माझी लाज काढू नकोस."

"काका म्हणाले होते..."

"काकांना सांग आणि जा मग दोह्याला, बस जन्मभर दारात!"

तिनं पाहुण्यांसाठी उकळलेलं लसणाचं सार त्याला वाटीभर दिलं, वर दोन गोळ्या दिल्या. लसूण तिनं जरा जास्तच घातली होती, माया म्हणून.

काका रोज सकाळी सहाही पाहुण्यांना विचारायचे, झोप लागली का, डोकं दुखतंय का. तिसऱ्या दिवशी त्यांनी उर्केनलाही विचारलं. त्यानं तोंड उघडायच्या आत यांगजी किटली घेऊन मध्ये आली.

"अहो काका, त्याला काय धाड भरलीय? बसून बसून गंजलाय तो. वरच्या कुरणावर दोर पोचवायचेत ना उद्या? द्या की त्याच्याकडे."

काका कुरकुरले. पण एक माणूस कमी होता, आणि पोरगा हसत उभा होता. ते कबूल झाले.

चौथ्या दिवशी उर्केन दोर पोचवून दुपारीच परतला. उंबऱ्याला अडखळला, भिंत धरली, मग बाकावर बसून बुटाची नाडी सोडायला लागला. नाडी काही सुटेना. बोटं भलतीकडेच जात होती.

"भरदिवसा लावलीस होय रे?" यांगजी म्हणाली.

"आठ वर्षं कोरडी गेली बिचाऱ्याची," छोंगबा हमाल पोत्याचं तोंड शिवता शिवता म्हणाला. "एका दिवसात भरून काढतोय!"

सगळे हसले. उर्केनही हसला, पण बाकीच्यांचं हसून झाल्यावर. यांगजीनं वाकून त्याचे बूट काढले.

"आई, मी निजतो," तो म्हणाला.

आई! लहानपणी झोपेत म्हणायचा तसा. तिनं त्याच्या अंगावर घोंगडी घातली आणि पाहुण्यांचे बटाटे सोलायला गेली.

चहाच्या वेळेला उठवायला आली, तर तो उठेना. छातीत घरघर चालली होती. काकांनी पापणी उघडून पाहिली आणि ओरडले, "खाली! आत्ताच्या आत्ता खाली!" छोंगबानं त्याला पाठीवर बांधला. सहा जण आळीपाळीनं पळाले. खालच्या नामचे गावाच्या अलीकडे, पुलावर, छोंगबाला पाठीवरचं ओझं एकदम जड लागलं.

उर्केन गेला त्याच्या तिसऱ्या दिवशी लामांनी पोथी पाहिली. पाहुण्यांनी अंगणातल्या विस्तवावर मांस जाळलं, त्या वासानं डोंगराचा देव कोपला, असं निघालं. दाटीवाटीनं बसलेल्या लोकांनी सुस्कारा टाकला. बरं झालं, कारण सापडलं. कुणीतरी यांगजीच्या पाठीवरून हात फिरवला, "तुझा काय दोष गं बाई."

"देव कोपला नाही," यांगजी म्हणाली. "त्याचं डोकं दुखत होतं. दुसऱ्याच दिवशी सांगितलं होतं त्यानं मला. मीच म्हटलं, काकांना सांगू नकोस."

काका आपल्या हातांकडे बघू लागले.

"दुसरा नेईन, हे मी धाक घालायला बोललो होतो गं," ते म्हणाले. "माणसं ऐकत नाहीत म्हणून बोलतो तसं. तू सांगितलं असतंस, तर मी त्याला दोन दिवस नामचेला ठेवला असता आणि परत वर आणला असता. त्याच्याशिवाय माणूस होता कुठे माझ्याकडे?"

यांगजीनं मान हलवली, समजल्यासारखी. मग ती उठली आणि सगळ्यांच्या पेल्यांत चहा ओतू लागली.