गाडी दम खातेय

"बंद नाही पडली. जरा दम खातेय," मर्व्ह म्हणाला.

नवरा म्हणून आमचं हे ध्यान असंच. अख्खी दुनिया म्हणते गाडी बंद पडली, पण याच्या तोंडून तो शब्द मेला तरी निघायचा नाही. कारण काय, तर शेजारच्या केल्विनला यानं पैज लावल्यासारखं सांगून ठेवलंय, माझी गाडी आजवर कधी बंद पडली नाही.

आणि त्याच केल्विनच्या गाडीतून थेल्मा, माझी आजारी धाकटी बहीण, धावपट्टीवर चालली होती. डॉक्टरांचं विमान दुपारी तिला शहरात नेणार होतं. परत येईल का, कुणीच सांगत नव्हतं. आम्हीही तिकडेच निघालो होतो. मला तिला एकदा जवळ घ्यायचं होतं, बस्स.

"बॉनेट उघड," मी म्हटलं. "उघडं बॉनेट दिसलं की इकडे कुणीही थांबतं."

"केल्विनला आयतं कोलीत मिळेल, नोरीन! वर्षभर हसेल तो!"

"हसू दे मेल्याला!"

मी बॉनेटची खीळ उघडायला गेले, तर हा गडी चक्क बॉनेटवर चढून बसला. म्हणे, पाच मिनिटं दे. गाडीबरोबर तिच्यातला वायरलेसही गेलेला, कुणाला कळवायची सोय नाही. मी लाल मातीत येरझाऱ्या घालत होते. माशा तोंडावर बसत होत्या आणि मला त्या हाकलायचंही सुचत नव्हतं.

तेवढ्यात लांबवर धूळ उठली. केल्विनच! मी दोन्ही हात हलवत सुटले, "थांब! अरे थांब!"

केल्विननं स्टिअरिंगवरचं एक बोट उचललं. इथं रस्त्यात कुणीही दिसलं की ओळख दाखवायला उचलतात तसंच. मागच्या काचेत थेल्मा दिसली. पिवळी पडलेली, उशीला टेकलेली. तिनं हसून हात हलवला. मर्व्ह बॉनेटवर मजेत बसलेला, मी हात हलवतेय. त्यांना वाटलं, आम्ही निरोप द्यायला रस्त्यावर येऊन थांबलोय. मी रस्त्याच्या मधोमध पोहोचेपर्यंत गाडी निघून गेली होती.

मी धुळीत धावले. किती धावले कोण जाणे. मागे वळले तेव्हा मर्व्हनं बॉनेट सताड उघडलं होतं आणि तो शेजारी मान खाली घालून उभा होता.

"बंद पडली गं," तो म्हणाला.

"आता कुणाला सांगतोयस?"

त्याच्यावर ओरडायचं होतं, पण रडूच फुटलं. तो जवळ आला, मी त्याला ढकललं.

बऱ्याच वेळानं विमान आमच्या डोक्यावरून गेलं. मर्व्ह टोपी काढून हलवायला लागला. मी हात वर केला नाही. आज एकदा केला होता, तेवढा पुरे झाला.