घाटावरची कोरडी होडी

मित्रांनो, मी गोदावरीच्या घाटावरची एक जुनी सागवानी होडी आहे. अंगावरचा निळा रंग तेवढा नवा आहे.

मला भुजंग नावाड्यांनी घडवलं. फळीला फळी जोडली, सांध्यांत कापूस ठासला, वर डांबर ओतलं. तरीही दर उन्हाळा सरताना ते माझ्यात दगड भरून मला काठच्या पाण्यात आठवडाभर बुडवून ठेवत. नवखे लोक हसत. पण वाळलेलं लाकूड आकसतं, सांधे उघडतात. पाणी प्यालं की ते फुगतं आणि फळ्या एकमेकींना घट्ट भिडतात. गळू नये म्हणून मला आधी बुडावं लागतं.

किल्लारीच्या भूकंपात इकडेही जमीन हलली. जुन्या पुलाला तडा गेला. मग शाळेची पोरं, लेकुरवाळ्या बायका, कापसाची गाठोडी, सगळं माझ्यातूनच पलीकडे जाऊ लागलं. वल्ह्याचा संथ आवाज ऐकत म्हातारी माणसं डुलक्या घेत.

पुढे नवा पूल झाला. भुजंग वारले. मी काठावर पालथी पडून कित्येक उन्हाळे वाळत राहिले.

यंदा नांदेडच्या क्लासची पोरं सुट्टीला घाटावर येऊ लागली. त्यांना लाकडी होडीतून फिरायचं होतं. भुजंगांच्या मुलानं, दयानंदनं, मला रंगवलं. त्याची आई केवळाबाई काठी टेकत आली.

"दया, पाण्यात ठिवली का रे हिला?"

"पोरं उद्याच येऊन राहिलीत, माय. बघ की, नवरीवाणी दिसायली."

"नवरीला पवता येतं का?"

तो हसला.

दुसऱ्या दिवशी मध्यावर पोचलो, तेव्हा शिल्पा नावाची मुलगी म्हणाली, "काका, खालून पाणी येतंय."

"थोडं येतच असतं, ताई."

पोरांनी हसत पाय वर घेतले. माझा एकेक सांधा गळत होता. पाणी गुडघ्याला लागलं तेव्हा हसणं थांबलं. दयानंदनं जिवाच्या आकांतानं वल्हं मारलं आणि मी वाळूच्या उंचवट्यावर टेकले. सगळे वाचले.

त्यानंतर त्यानं फटींत रंगाऱ्यांची लांबी भरली, वर पुन्हा रंग दिला. पाण्यात मात्र ठेवलं नाही. पोरांचे फोटो पाहून उद्या आणखी दोन तुकड्या येणार आहेत. वरच्या धरणाचं पाणी सोडलंय. वाळूचा तो उंचवटा आता दिसत नाही.

मित्रांनो, उद्या तुम्ही आलात तर बसण्याआधी माझ्या तळाच्या फळीवर तळहात ठेवा. ती कोरडी लागली, तर माघारी जा. मला तुम्हाला हाक मारता येत नाही.