मागच्या पत्र्यावरचे ठोके

"शिकलास ना म्हातारपणी? मग वाच की. का नुसतं सहीपुरतं शिकलास?" ताईने वही माझ्यापुढे सरकवली.

काळ्या पुठ्ठ्याची, तेलाचे डाग पडलेली जाड वही. दाजींच्या दवाखान्याच्या पिशवीत टॉवेलखाली सापडली होती. दाजी जाऊन चार महिने झाले तरी ताईने ती पिशवी उघडली नव्हती. आता उघडली ती एका पत्रामुळे.

युद्धात दाजी आणि मी एकाच गस्ती बोटीवर होतो. ते यंत्रघराचे मुख्य मेस्त्री, मी त्यांच्या हाताखाली. आम्ही शत्रूचे एक जहाज बुडवले होते. त्यावरून पाण्यात पडलेल्या माणसांचे काय झाले, हे त्यांची पोरे बेचाळीस वर्षांनी विचारत होती. चौकशी बसली होती. बोटीवरच्या कोणाच्या घरी कागद असतील तर आणून द्या, असे पत्र आले होते.

"कप्तानाच्या वहीत काय आहे म्हणे?" ताईने विचारले.

"पाण्यात कोणी दिसलं नाही, असं."

"मग दिसलं नसेल."

"हं," मी म्हणालो.

दिसले नव्हते, हे माझ्यापुरते खरे होते. यंत्रघरातून समुद्र दिसत नाही. वरून हुकूम आला की पितळी तबकडीवरचा काटा फिरे आणि घंटा वाजे. खाली माझा हात दांड्यावर. मी दांडा त्याच खुणेवर ओढला की वर घंटा वाजे. त्याला आम्ही पोच म्हणत असू. पोच गेल्याशिवाय दाजी यंत्रात वाफ सोडत नसत. कप्तान ओरडला तरी नाही.

त्या दिवशी जहाज बुडाले आणि आमची बोट थांबली. बुडालेल्यांना वर घ्यायचे, हा नियम आमच्या स्वयंपाक्यालाही पाठ होता. मला वाटले, दोर टाकतील. मग माझ्या खांद्याशेजारच्या पत्र्यावर ठोके पडू लागले. बाहेरून. आधी एक जण, मग बरेच. तीन ठोके, थोडे थांबून पुन्हा तीन. माणसे बोटीच्या मागच्या अंगाला, बोट ढकलणाऱ्या पंख्याजवळ, धरून राहिली होती.

आणि घंटा वाजली. पूर्ण वेग पुढे.

मी दांडा ओढला नाही. दुसऱ्यांदा वाजली. दाजी माझ्याकडे बघत होते. मी पोच दिली नसती तर कप्तानाला जिना उतरून खाली यावे लागले असते. दोन मिनिटे तरी गेली असती. तिसऱ्यांदा घंटा वाजली आणि मी दांडा ओढला.

पंखा फिरला. ठोके एकदम थांबले नाहीत. एकेक करून थांबले.

"वाचतोयस ना?" ताई म्हणाली.

मी बोट ठेवून वाचले, "तीन वाजून दहा. पूर्ण वेग पुढे. हुकूम तीनदा. मागच्या पत्र्यावर माणसांचे ठोके चालू."

त्याखाली तीनच शब्द होते. 'पोच मी दिली.' अक्षर दाजींचे होते.

"पुढं?"

"पुढं तेलाचं माप आहे."

ताईने अंगठा ओला करून पाने उलटली. "एवढं तेल? बोट चालवत होता की भजी तळत होता? वाच मुकाट्यानं."

पुढच्या पानावर होते, 'मागचा पत्रा. तीन दहा. ठोके. तपासले. काही नाही.' त्याच्या खाली तेच. दाजी एरवी गळती लिहीत तसे, दर पाळीला एक ओळ. मग बोट भंगारात निघाल्याची तारीख आली. तिथे वही संपायला हवी होती. पण पान उलटले तर होते, 'घर. स्वयंपाकघराची मागची भिंत. तीन दहा. ठोके. तपासले. काही नाही.'

ताईचा चेहरा उतरला. "दुपारचे जेवून उठायचे आणि भिंतीला कान लावून उभे राहायचे. मी म्हणायची, काय करताय? तर म्हणायचे, ओल बघतोय. अरे, दोनदा गिलावा करून घेतला मी त्या भिंतीला!"

अशी चाळीस-एक वर्षे त्या वहीत होती. कधी महिन्यातून एकदा, कधी सलग आठवडाभर. शेवटची ओळ वाकडीतिकडी होती. 'दवाखाना. खाट. ठोके. उठून तपासता आले नाही.'

ताईने त्या ओळीवरून बोट फिरवले.

"तुला येतात का रे ऐकू?" ताईने हळूच विचारले.

"नाही. एकदाही नाही." आणि मग माझ्याच्याने राहवले नाही. "ताई, मघाशी एक ओळ गाळली मी. पोच मी दिली, असं लिहिलंय दाजींनी. त्यांनी नाही दिली. दांड्यावर हात माझा होता. त्यांनी वाफ सोडली, पण माझी पोच गेल्यावर."

वहीत लिहिले होते ते तिला कधी कळले नसते. तिला अक्षर येत नाही. चौकशीवाल्यांनाही दाजींचे नाव पुरले असते. मेलेल्या माणसाला कोण काय करणार?

ताई माझ्याकडे बघत राहिली. शत्रूकडे बघावे तशीही नाही. अनोळखी माणसाकडे बघतात तशी.

"दुपारी तीनला तू काय करतोस?"

"झोपतो."

"गाढ?"

"गाढ."

"पेन काढ," ती म्हणाली.

एवढी एक ओळ लिहायला मला अर्धा तास लागला. 'पोच दाजींनी दिली नाही, मी दिली. ठोके ऐकून दिली.' दाजींच्या ओळीखाली जागा थोडीच होती, अक्षरे दाटीवाटीने बसली.

दुसऱ्या दिवशी चौकशीच्या कचेरीतल्या कारकुनाने ते पान दोनदा वाचले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"आजी, इथं दोन हातांची अक्षरं आहेत. दोघंही म्हणतात मीच. आम्ही खरं कुठलं धरायचं?"

मी तोंड उघडले, पण ताई आधी बोलली.

"खालचं. वरचं आमच्या ह्यांचं आहे. ते खोटं लिहून गेले."

कारकुनाने वही ठेवून घेतली आणि मला सोमवारी यायला सांगितले. एकट्याला.

कचेरीच्या पायऱ्या उंच होत्या. मी हात पुढे केला. ताईने कठडा धरला आणि एकेक पायरी बघत, माझ्याकडे न बघता, खाली उतरली.